टीटीएमएम करण्याआधी बिल वाचा!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच. बिल आलं की मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडतो, एकूण रकमेला डोक्यांनी भागतो आणि ‘पर हेड इतके, जीपे करा’ म्हणून मोकळा होतो. टीटीएमएम! तुझं तू, माझं मी. कॉलेजबाहेरच्या सँडविचवाल्यापासून कॅफेपर्यंत आपला हाच कायदा. गंमत अशी की भागाकार सगळ्यांना येतो, पण ज्या आकड्याला भागायचं तो कसा तयार झाला, हे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते. परवा बघितलं आणि त्या एका कागदात एवढं काय काय निघालं की हा लेख लिहावा लागला.

झालं असं, की आमच्या चौघांतल्या एकाला नोकरी लागली. पार्टी कुठे, यावर दोन दिवस व्हॉट्सअॅपवर घमासान झालं आणि शेवटी लोअर परळच्या एका मिल कंपाउंडातल्या ‘मॉडर्न इंडियन’ फाइन डायनिंगवर शिक्कामोर्तब झालं. (नोकरीवाल्याने ‘पार्टी माझी’ असं म्हटलं होतं. मेनूचे दर बघून त्याचं टीटीएमएम झालं. त्याला माफ केलंय.) हे रेस्टॉरंट मध्यंतरी काही महिने बंद होतं आणि रिनोव्हेशन करून नुकतंच पुन्हा उघडलं आहे. नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाहीच.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती भिंत. गिलावा अर्धवट खरवडून आतल्या विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. घरी अशी भिंत असती तर आईने रंगाऱ्याला बोलावल्याशिवाय बाबांना चहा दिला नसता. छताचे लोखंडी ट्रस तसेच, फक्त काळ्या रंगात चकचकीत. पितळेचे दिवे, वेताच्या खुर्च्या, काचेपलीकडे दिसणारं किचन. टेबलं पूर्वीपेक्षा कमी केली आहेत, असं आम्हाला वाढणाऱ्या मुलाने सांगितलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुपारचा ठरलेला मेनू माणशी १,९५० रुपये. त्यात एका कोर्सचं नाव होतं ‘गिरणी कामगाराचा डबा’. पितळेचा छोटासा डबा. त्यात ज्वारीची पापडासारखी कुरकुरीत चकती, तिच्यावर पिठल्याचं मऊ क्रीम, बाजूला ठेचा घातलेलं लोणी आणि लसणीचा चुरा. दोन घासांत संपलं. आमच्यातली लातूरची मैत्रीण डब्यात बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘आमच्या शेतावर एवढं पिठलं चुलीलाच लागतं!’’ आम्ही हसून हसून बेजार.

पण खरं सांगू? चव अफलातून होती. ज्वारी करपलेली नव्हती, खरपूस होती. ठेच्याचा झणका लोण्यातून उशिरा वर येत होता. ज्याने कुणी हे केलं त्याला पिठलं कळतं. मग प्रश्न पडला, की आम्हाला हसू नेमकं कशाचं आलं? हीच आम्ही चौघं कॅफेत पेने पास्त्याला साडेचारशे रुपये कुरकुर न करता देतो. पास्ता म्हणजे तरी काय, गव्हाचं पीठ आणि पाणी! इटलीतली कुणी आजी तो बघून असंच हसत असेल.

न्यूयॉर्क विद्यापीठातले अभ्यासक कृष्णेंदु राय यांनी ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ या पुस्तकात याच गोष्टीचा मागोवा घेतला आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की एखाद्या खाद्यसंस्कृतीला ताटामागे किती पैसे मिळतात हे चवीवर कमी आणि ते खाणं ज्यांचं आहे त्या लोकांच्या पत-प्रतिष्ठेवर जास्त ठरतं. स्थलांतरित गरीब असतील तर त्यांचं जेवण ‘स्वस्त आणि मस्त’, तेच लोक श्रीमंत झाले की त्यांचं जेवण ‘क्विझीन’. हे अमेरिकेबद्दल लिहिलंय, पण आपल्याकडे लावून बघा. फ्रेंच, इटालियन, जपानीला किंमत मोजायची. मुघलाई, पंजाबीला बऱ्यापैकी. आणि झुणका-भाकर म्हटलं की ‘हे कशाला विकत खायचं’?

जगात मात्र हे चित्र झपाट्याने बदलतंय. कोलकात्याचा गगन आनंद बँकॉकमध्ये जाऊन आशियातल्या ५० उत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं पहिला आला आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिला. दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला मे २०२५ मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले, भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची ही जगातली पहिलीच वेळ. न्यूयॉर्कमध्ये ‘सेम्मा’ नावाचं रेस्टॉरंट तमिळ खेड्यातलं जेवण, अगदी शेतातल्या गोगलगायीसुद्धा, वाढतं. त्याच्या शेफला, विजय कुमारला, २०२५ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. आणि गंमत म्हणजे मिशेलिनची भारतासाठी आवृत्तीच नाही! म्हणजे आपल्या जेवणाला तारे मिळतात ते आपण देशाबाहेर जाऊन रांधलं की. मुंबईपुरतं बोलायचं तर महालक्ष्मीचं ‘मास्क’ २०२५ च्या आशियाच्या यादीत १९ व्या क्रमांकावर होतं. तेही कुठे आहे? लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात.

या पत्त्यापाशी थोडं थांबू या. गिरण्या, मिल कंपाउंड हे शब्द आपण गुगल मॅपपुरते वापरतो. पण ज्या भागात आज पितळेच्या डब्यातून पिठलं मिळतं, तिथे एकेकाळी खरोखरच जेवणाचा प्रचंड धंदा चालायचा आणि तो बायका चालवायच्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बहुतेक एकटे राहायचे. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे खानावळीत. खानावळ म्हणजे बोर्ड लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्याच एखाद्या बाईची खोली. ती पहाटे उठून भाकऱ्या थापायची, पाळीच्या वेळेप्रमाणे माणसं जेवून जायची आणि हिशेब पगाराच्या दिवशी. तोपर्यंत वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. व्याजाने पैसे काढले नाहीत तर महिनाअखेर निघायची नाही. मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच सावकारीतून सोडवण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जेवणाराच्या हातात पगार नाही, तर वाढणारीला कुठून मिळणार? संपावर बोलताना दत्ता सामंतांचं नाव निघतं, मालकांचं निघतं. खानावळवालीचं क्वचित.

त्यामुळे ‘गिरणी कामगाराचा डबा’ हे नाव मला पहिल्यांदा गोड वाटलं आणि घरी येईपर्यंत खुपायला लागलं. डबा कामगाराचा, असं कार्डावर लिहिलंय. भाकरी कुणी थापली, ते नाही.

आता बिलाकडे. हे नीट वाचा, कारण उद्या तुमच्याही हातात असंच येणार आहे. चार जणांचे १,९५० प्रमाणे ७,८०० रुपये. पाण्याच्या दोन बाटल्या, २५० ची एक, म्हणजे ५००. झाले ८,३००. त्याखाली ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’: ८३०. बेरीज ९,१३०. त्यावर ५ टक्के जीएसटी ४५६ रुपये ५० पैसे. एकूण ९,५८६.५०. आमच्या कॅल्क्युलेटरवाल्याने भागाकार करून ‘पर हेड दोन हजार चारशे’ म्हणून टाकलंसुद्धा.

थांब म्हटलं.

आधी पाणी. बसल्या बसल्या ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग, मॅम?’ असं विचारलं गेलं आणि आम्ही ‘स्टिल’ म्हणालो. त्या प्रश्नात तिसरा पर्याय नसतो, तो आपण बोलायचा असतो: ‘साधं पाणी’. बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतात म्हणून भांडू नका, हरलात तर पंचाईत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटली नुसती विकली जात नाही, जागा आणि सेवाही त्यात येते. त्यामुळे एमआरपीचं बंधन तिथे लागू होत नाही.

मग जीएसटी. तो द्यावाच लागतो, तो सरकारचा. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. पण तेच रेस्टॉरंट एखाद्या महागड्या हॉटेलात असेल, म्हणजे जिथल्या खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं अशा ठिकाणी, तर १८ टक्के. तुम्ही खोली घेतलेली नसली तरी! दारूवर मात्र जीएसटी नाही, तिथे राज्याचा व्हॅट वेगळा लागतो.

उरला सर्व्हिस चार्ज. आपल्यापैकी निम्म्यांना तो टॅक्सच वाटतो, कारण तो टॅक्सच्या शेजारी, टॅक्ससारखा टक्क्यांत छापलेला असतो. तो टॅक्स नाही. एक पैसा सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, ग्राहकावर सक्ती करायची नाही आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर मुळीच घ्यायचा नाही. रेस्टॉरंट मालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि जवळपास पावणेतीन वर्षं सगळं जैसे थे चाललं. २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी याचिका फेटाळल्या, सक्तीचा सर्व्हिस चार्ज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्चही लावला. स्वखुशीने टिप द्यायला कुणाचीच मनाई नाही, हेही स्पष्ट केलं. संघटना अपिलात गेल्या. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये खंडपीठाने त्यांना जे विचारलं ते आमच्या टेबलावर अगदी फिट बसतं: वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे शंभर घेता ते वातावरणाचे म्हणून घेता ना, मग सेवेचे पुन्हा वेगळे कशाला?

आमच्या बिलात ८३० रुपये चार्ज आणि त्यावरचा जीएसटी ४१ रुपये ५० पैसे. म्हणजे जो चार्जच नको, त्याच्यावर पुन्हा कर. आम्ही मॅनेजरना सांगितलं, हा काढा. आधी उत्तर आलं, ‘‘मॅम, इट्स आवर पॉलिसी, मेनूवर लिहिलंय.’’ लिहिलं होतं खरं, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत. आम्ही शांतपणे २०२२ च्या तत्त्वांचा आणि २०२५ च्या निकालाचा उल्लेख केला. पाच मिनिटांत नवं बिल आलं. ८,७१५ रुपये. भांडायची गरज पडत नाही, फक्त माहीत असावं लागतं. तरीही कुणी ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. बिलाचा फोटो जपून ठेवा.

इथे गोष्ट संपली असती तर मी विजयी मुद्रेने घरी गेले असते. पण नवं बिल घेऊन आला तो तोच मुलगा, ज्याने आम्हाला दीड तास वाढलं होतं. सुरुवातीला इंग्रजीत बोलत होता. आमचं मराठी कानावर पडल्यावर ‘ताई’वर आला. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, सांगली जिल्ह्यातलं गाव, आमच्याच वयाचा. मी त्याला सरळ विचारलं, हे पैसे तुम्हाला मिळतात का? त्याने एकदा मागे बघितलं आणि सांगितलं, की महिनाअखेर सगळा चार्ज एकत्र होतो, मग हुद्द्याप्रमाणे पॉइंट असतात, त्या पॉइंटवर वाटप. किचनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांना थोडं थोडं. त्याच्या पगारात तो भाग ‘जाणवण्याइतका’ असतो. रेस्टॉरंटवाले कोर्टात हेच म्हणत होते, की हा पैसा कर्मचाऱ्यांचा आहे.

मी त्याचं म्हणणं खोटं मानत नाही. पण पगार द्यायची जबाबदारी कुणाची? मेनूच्या दरात पगार धरायचा नाही, तो खाली टक्क्यांत ढकलायचा आणि ग्राहकाने नकार दिला की वाढणाऱ्याचं तोंड ग्राहकासमोर उभं करायचं, यात मालक छान बाजूला राहतो. शिवाय चार्जमधलं नेमकं किती खालपर्यंत पोचतं, हे जेवणाऱ्याला कधीच दिसत नाही. १,९५० च्या जागी २,१५० लिहा आणि पोरांना पगार द्या. आम्ही ठरवू परवडतं का. आमच्यातला नोकरीवाला मात्र माझ्याशी अजूनही सहमत नाही. त्याचं म्हणणं, मेनू महागला की माणसं येणार नाहीत आणि पहिली कुऱ्हाड पोरांवरच पडेल. घरी जाताना लोकलमध्ये आमचं दादरपर्यंत वाजलं.

रेस्टॉरंटची दुसरी बाजूही ऐकायला हवी, नाहीतर आपण नुसतेच खवट ग्राहक. मघाशी म्हटलं ना, टेबलं कमी झाली हे लक्षात ठेवा. हॉटेल मॅनेजमेंटवाले मित्र एक ढोबळ गणित सांगतात: ताटातल्या मालाची किंमत विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आसपास धरायची, बाकी भाडं, पगार, वीज आणि उरला तर नफा. लोअर परळचं भाडं टेबलं कमी केली म्हणून कमी होत नाही. त्यात रिनोव्हेशन. नोव्हेंबर २०१७ मध्ये रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हा सरकारने बदल्यात इनपुट टॅक्स क्रेडिट काढून घेतलं. सोप्या भाषेत: इतर धंद्यात मालक स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर पुढच्या करातून वजा करतो, इथे तो करू शकत नाही. इमारतीच्या बांधकामावर ही वजावट एरवीही मिळत नाहीच. पण किचनची यंत्रं, एसी, क्रॉकरी, डिझायनरची फी, दरमहाचं भाडं, या सगळ्यावरचा जीएसटी खर्चात जमा होतो. आणि खर्च कुठे जातो? पितळेच्या डब्यात. आपण खाली ५ टक्के बघून खूश, वरच्या १,९५० मध्ये किती कर मुरलाय ते छापलेलंच नाही. क्रेडिट परत द्या ही रेस्टॉरंटवाल्यांची मागणी म्हणूनच जुनी आहे, आणि मला ती रास्त वाटते. सर्व्हिस चार्जपेक्षा ही लढाई त्यांनी जास्त जोरात लढायला हवी होती.

रिनोव्हेशनचा आणखी एक भाग आहे जो ना बिलात दिसतो, ना इन्स्टावर. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या दोन पबना आग लागली, १४ माणसं गेली. काही जण वाढदिवस साजरा करायला आले होते. गच्चीवरचं छत बांबू-ताडपत्रीचं. कित्येक जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. तेव्हा आपण शाळेत होतो, टीव्हीवर बघितलं आणि विसरलो. जागा जुनी, आत नव्याने घातलेलं लाकूड, वेत, पडदे. सुंदर दिसतं, मान्य. पण टेबलावर बसलात की मेनू उघडण्याआधी एकदा मान वळवून दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघा. मी त्या दिवशी बघितला. होता, आणि त्याच्यासमोर जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. बिलाबद्दल पाच मिनिटं वाद घालणारे आम्ही, खुर्च्यांबद्दल काहीच बोललो नाही. ते आठवलं तेव्हा लोकल माटुंग्याच्या पुढे गेली होती.

नव्या बिलाचे माणशी २,१७८ रुपये ७५ पैसे झाले. वाचलेल्यातले प्रत्येकी शंभर काढून चारशे रुपये आम्ही त्या मुलाच्या हातात ठेवले. त्याने ते खिशात घातले नाहीत, काउंटरवरच्या टिपच्या बॉक्समध्ये टाकले. ‘‘सगळ्यांचे असतात ताई,’’ म्हणाला. मग दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच सांगितलं, ‘‘पुढच्या वेळी आलात तर पाणी साधं मागा. फिल्टरचं आहे, आम्ही पण तेच पितो.’’